झारीची तोटी

मराठीने डोळ्यांच्या विकारांना नावे देताना हात आखडता घेतलेला नाही. डोळ्यात दाटून आलेल्या पांढुरक्या ठिपक्यात तिला मोती दिसला, म्हणून तो मोतीबिंदू झाला; दुसऱ्या विकारात काच दिसली, म्हणून काचबिंदू. डोळे येतात, डोळ्यात फूल पडते, पापणीवर रांजणवाडी उठते, आतून खुपऱ्या होतात, दिवस मावळला की रातांधळेपणा जाणवतो. या नावांकडे थोडे लक्षपूर्वक पाहिले, तर असे आढळते की हे विकार एकतर बाहेरून दिसतात, किंवा सलतात, खुपतात, वाहतात, किंवा निदान रुग्णाला ओळख पटण्याइतका अवकाश देऊन हळूहळू वाढतात. जो विकार बाहेरून दिसत नाही, दुखत नाही आणि क्षणात होऊन जातो, त्याला आपल्या बोलीत नाव नाही. दृष्टिपटलाला रक्त पोचविणारी धमनी बंद पडून जाणारी दृष्टी हा असाच विकार आहे. डिसेंबर २०१९ मध्ये आमचा उजवा डोळा या विकाराने गेला. भाषा शिकविणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांना या विकाराचे बिननावाचे असणे विशेष टोचते. प्रस्तुत लेखनाचे कारण तेवढेच आहे.

आम्ही देवरीला राहतो आणि येथेच मराठी शिकवितो. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेकडील हा तालुका. पूर्वी ज्याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत आणि आता ५३ म्हणतात, तो मुंबई-कोलकाता रस्ता गावातून जातो आणि थोड्याच अंतरावर छत्तीसगडात शिरतो. गावाला रेल्वे नाही. गाडी धरायची तर आमगाव गाठावे लागते. ग्रामीण रुग्णालय आहे. परंतु डोळ्याच्या पडद्याचा तज्ज्ञ हवा असेल तर नागपूर, म्हणजे सव्वाशे किलोमीटरांहून अधिक अंतर. एरवी हे अंतर आमच्या मनात कधी मोजले जात नसे. पुस्तके आणायची, विद्यापीठात काम असायचे, सकाळी निघून रात्री परत. अंतर तासांत आणि मिनिटांत मोजण्याची वेळ त्या एका दिवशी आली.

सकाळी आठच्या सुमारास आम्ही वर्गासाठी टाचण काढीत बसलो होतो. पानावर हलकेसे धुके उतरल्यासारखे वाटले. चष्मा पुसला, धुके तसेच. मग डावा डोळा चोळला, आणि तो मिटलेला असेपर्यंत समोरचे पान, टेबल, खिडकी, सारेच नाहीसे झाले. उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कडेला केवळ उजेडाची एक फिकट पट्टी उरली होती. वेदना नव्हती. पाणी आले नव्हते. आरशात पाहिले तर डोळा नेहमीसारखाच, आमच्याकडे पाहत असलेला. वीस मिनिटांत आम्ही ग्रामीण रुग्णालयात होतो. तेथील तरुण डॉक्टरांनी रक्तदाब व साखर तपासली, बाहुलीवर प्रकाश टाकला आणि एका वाक्यात सांगितले, “सर, आत्ताच्या आत्ता नागपूरला निघा.” आम्ही निघालो. साकोली, भंडारा मागे टाकीत नागपुरात पोचून तज्ज्ञांसमोर बसलो तेव्हा साडेबारा वाजले होते. साडेचार तास. कोणी टाळाटाळ केली नाही, कोणी चुकीचा सल्ला दिला नाही, गाडी वाटेत बिघडली नाही.

डॉक्टरांनी आत पाहिले आणि आम्हांला कागदावर चित्र काढून दाखविले. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीपासून एक शाखा डोळ्याकडे वळते. तिची एक बारीक उपशाखा नेत्रगोलाच्या सुमारे एक सेंटिमीटर मागे दृष्टिमज्जेत शिरते आणि तिच्या गाभ्यातून दृष्टिपटलापर्यंत जाते. तिची जाडी मिलिमीटरच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास. मानेतल्या धमनीच्या भिंतीवर साचलेल्या थराचा एखादा कण सुटला, वा हृदयात गुठळी होऊन तिचा तुकडा प्रवाहात आला, तर तो या अरुंद वाटेत अडकू शकतो. पडदा पांढुरका पडतो आणि मधोमध एक लालभडक ठिपका उठून दिसतो. त्या ठिकाणी दृष्टिपटल अत्यंत पातळ असल्यामुळे मागच्या थराची लाली आरपार दिसते, एवढाच त्याचा अर्थ.

मागच्या थराची लाली दिसते, कारण तो थर जिवंत असतो. त्याचा रक्तपुरवठा निराळा आहे. प्रकाश टिपणाऱ्या पेशींना बहुतांशी तोच पोसतो, त्यामुळे त्या पेशी अशा आघातातूनही टिकून राहू शकतात. मरतात त्या आतल्या थरातल्या पेशी, ज्या टिपलेले चित्र पुढे मेंदूकडे पाठवितात. म्हणजे आमच्या उजव्या डोळ्यात अजूनही प्रकाश पडतो, कदाचित टिपलाही जातो. तो कळविणारे कोणी उरलेले नाही. संहिता आहे, वाचकही आहे, आणि मधला दुवा नाही. साहित्याच्या अध्यापनात आयुष्य गेलेल्यांना याहून ओळखीचे दुःख कोणते दाखवावे?

या विकाराचा वैद्यकीय इतिहासही दिसण्या-न दिसण्याचाच आहे. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झने जिवंत माणसाच्या डोळ्यात आत पाहण्याचे यंत्र सिद्ध केले. तोपर्यंत अशा अंधत्वाची व्याख्या युरोपातील वैद्य विनोदाने करीत, की ज्यात रोग्यालाही काही दिसत नाही आणि वैद्यालाही काही दिसत नाही, तो हा विकार. १८५९ मध्ये बर्लिनच्या आल्ब्रेख्त फोन ग्रेफेने या यंत्राच्या साहाय्याने हृदयविकाराच्या एका रुग्णाच्या दृष्टिपटलाची धमनी बंद झालेली पाहिली व नोंदविली. पुढे पंजाबात जन्मलेल्या आणि अमेरिकेत आयोवा विद्यापीठात संशोधन केलेल्या डॉ. सोहनसिंग हायरे यांनी माकडांवर प्रयोग करून वेळेचा हिशेब मांडला. धमनी सुमारे दीड तास बंद राहिली तरी दृष्टिपटल सावरू शकते. चार तासांच्या पुढे हानी मोठी आणि कायमची होते. आम्ही साडेचार तासांनी पोचलो होतो. शिवाय आठ वाजता आमच्या लक्षात आले. झाले केव्हा, कदाचित पहाटे झोपेतच, हे सांगता येत नाही.

घरी परतल्यावर भेटीला येणाऱ्यांची रीघ लागली आणि आमच्या मनात एक जुना वाक्प्रचार पुनःपुन्हा येऊ लागला. झारीतील शुक्राचार्य. वर्गात तो आम्ही वर्षानुवर्षे समजावून दिला आहे. बळीराजा वामनाला तीन पावले भूमी देण्याचा संकल्प सोडावयास झारी उचलतो. दान होऊ नये म्हणून शुक्राचार्य सूक्ष्म रूप धारण करून झारीच्या तोटीत जाऊन बसतात. पाणी पडत नाही. वामन दर्भाची काडी तोटीत घालतो, आणि शुक्राचार्यांचा एक डोळा फुटतो. सरकारी कचेरीतला अडवणूक करणारा कारकून असो की संस्थेतला खोडा घालणारा सभासद असो, मराठीने त्याला हेच नाव दिले. अडलेला प्रवाह आणि गेलेला डोळा या दोन गोष्टी एकाच कथेत इतक्या जवळ आणणारा दुसरा संदर्भ आम्हांला ठाऊक नाही. वैद्यकशास्त्र गेली दीडशेहून अधिक वर्षे याच दर्भाच्या काडीच्या शोधात आहे. नेत्रगोलाला मालिश, डोळ्यातील पाणी काढून दाब उतरविणे, गुठळी विरघळविणारे औषध लवकरात लवकर देणे, हे सारे प्रयत्न तोटी मोकळी करण्याचे आहेत. खात्रीची काडी अजून हाती लागलेली नाही. लागेल तेव्हाही ती पहिल्या काही तासांतच चालेल, हे मात्र स्पष्ट आहे.

तथापि कथेत आणि आमच्या डोळ्यात एक फरक होता, आणि भेटीला येणाऱ्यांचे बोलणे ऐकताना तो अधिकाधिक ठळक होत गेला. कथेत ज्याने प्रवाह अडविला त्याचाच डोळा गेला. तेथे अपराध आहे, शासन आहे, हिशेब पुरा होतो. आपल्या परंपरेत गेलेल्या डोळ्याला बहुधा असा हिशेब जोडलेला असतो. अंबिकेने भीतीने डोळे मिटले म्हणून धृतराष्ट्र जन्मांध. आमच्याकडे आलेल्या एका वृद्ध स्नेह्यांनी अत्यंत मायेने विचारले, “एखादे दैवत मागे राहिले का हो तुमचे?” दुसरे म्हणाले, “फार वाचन केलेत, सर. डोळ्यांना विसावा तो दिला नाहीत.” वाचनाने धमनी बंद पडत नाही. धूम्रपानाने त्या खराब होतात, उच्च रक्तदाबाने, मधुमेहाने, चरबीच्या थराने, वाढत्या वयाने होतात. ज्या तेंदूपत्त्यावर आमच्या तालुक्यातील कित्येक घरांचा उन्हाळा निभावतो, त्याच्याच विड्या ओढणाऱ्यांच्या धमन्यांविषयी बोलायला जागा आहे. परंतु ही कारणे आहेत, अपराध नव्हेत. कारण शोधले की पुढचा आघात टाळता येतो. अपराध शोधला की केवळ मान खाली घालता येते. आमच्या मानेतील उजव्या धमनीत थर साचलेला आढळला. तेव्हापासून रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची आणि गुठळी होऊ न देणारी अशा तीन गोळ्या आम्ही रोज घेतो. त्या उजव्या डोळ्यासाठी नाहीत. डाव्या डोळ्यासाठी आणि मेंदूसाठी आहेत.

दुसऱ्या टोकाचे सांत्वनही पुष्कळ मिळाले. सहकाऱ्यांनी ‘प्रज्ञाचक्षू’ हा शब्द काढला. आता आतला डोळा उघडेल, असे म्हटले. विदर्भातील माणसाला हा शब्द ऐकताच श्रीगुलाबराव महाराज आठवतात. १८८१ मध्ये अमरावती जिल्ह्यात जन्म, नवव्या महिन्यात दृष्टी गेलेली, अवघे चौतीस वर्षांचे आयुष्य, आणि तेवढ्यात शंभराहून अधिक ग्रंथांची रचना. त्यांच्याविषयी आमच्या मनात निस्सीम आदर आहे. मात्र त्यांचे चरित्र भाविकतेने सांगताना एक तपशील झाकोळला जातो, असे आम्हांला वाटते. महाराजांना ग्रंथ वाचून दाखविणारी माणसे होती आणि ते सांगत ते उतरवून घेणारी माणसे होती. ती प्रज्ञा एकट्याच्या अंधारात उजळली नाही; इतरांच्या कंठातून आणि लेखणीतून तिचा पुरवठा अखंड होत राहिला. उत्तरायुष्यात दृष्टी गमावलेल्या वि. स. खांडेकरांचे लेखनही असेच दुसऱ्याच्या हाताने कागदावर आले. अंधत्वाने ज्ञान येत नाही. ज्ञानाची वाट डोळ्यापाशी अडली, तर ती कानाकडून वळवून घेणारी माणसे लागतात. शरीराचाही काही जणांवर असा अनुग्रह असतो. त्यांच्या दृष्टिपटलाच्या मध्यभागाला मागच्या थराकडून येणारी एक जादा बारीक धमनी जन्मतःच मिळालेली असते, आणि मुख्य वाट बंद पडली तरी मधली दृष्टी वाचते. आम्हांला ती नव्हती.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे शब्दाकडे येऊ. कित्येकांच्या बाबतीत धमनी कायमची बंद पडण्यापूर्वी ती काही मिनिटे बंद होऊन पुन्हा मोकळी होते. एका डोळ्यापुढे वरून काळा पडदा उतरतो आणि थोड्या वेळाने उठतो. आम्हांला अशी पूर्वसूचना मिळाली नाही. ज्यांना मिळते त्यांच्यासाठी ती लाखमोलाची आहे, कारण पुढचा आघात मेंदूवर येण्याचा संभव असतो. आमच्या भागात हा अनुभव सांगण्यासाठी एकच शब्द आहे: अंधारी. भूक लागली की अंधारी येते, उन्हात रोवणी करताना येते, अशक्तपणाने येते, झटकन उठल्यावर येते. ती येते आणि जाते. साखरपाणी घ्यावे, जरा टेकावे. या एका शब्दाच्या पोटात एका डोळ्याची अंधारी गडप होते. शिवाय आपला वाक्प्रयोगच पाहा: ‘डोळ्यांपुढे’ अंधारी. अनेकवचन. मराठीत डोळे बहुधा जोडीने वावरतात. त्यानंतर जेव्हा जेव्हा कोणी अंधारी आल्याचे सांगितले, तेव्हा तेव्हा आम्ही विचारीत आलो आहोत, “एका डोळ्यापुढे की दोन्ही?” उत्तर बहुधा मिळत नाही, लोक चकित होऊन पाहतात. एक डोळा झाकून पाहण्याची कल्पनाच कोणाला शिवलेली नसते, आणि एक डोळा चांगला असला की दुसऱ्याचे जाणे तो बेमालूम झाकून टाकतो.

याची सर्वांत कठीण प्रचिती आम्हांला स्वतःच्या डोळ्याने नव्हे, एका विद्यार्थिनीच्या डोळ्यांनी दिली. पूर्व विदर्भात आदिवासी आणि इतरही समाजांत सिकलसेलचा आजार आहे. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून दंतवैद्यक शिकण्यास आलेल्या वॉल्टर क्लेमेंट नोएल या तरुणाच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या तांबड्या पेशी पाहिल्याची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हापासून वैद्यकाला हा आजार ठाऊक आहे. देवरीच्या शिवारात धान कापायच्या इळ्याचा आकार कोणाला समजावून सांगावा लागत नाही. या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. सांधे, हाडे, पोट दुखून उठते. त्या दुखण्याला घरोघर मान आहे, कारण ते ओरडते. परंतु याच पेशी दृष्टिपटलाच्या कडेच्या बारीक धमन्याही बंद करतात, आणि तेथे काहीच ओरडत नाही. रक्त मिळेनासे झालेल्या त्या कडेला नव्या, ठिसूळ वाहिन्या फुटतात. कधी तरी त्यांतून रक्तस्राव होतो आणि मगच दृष्टी जाते.

ही मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. सिकलसेलची औषधे नियमित घेणारी, वर्गात सर्वांत स्पष्ट वाचणारी. डोळ्यांचा पडदा तपासून घे, असे आम्ही सुचविले तेव्हा ती म्हणाली, “सर, मले तं सारं दिसते.” तिची आई म्हणाली, “दुखत तं नाही तिचा डोळा. मंग कायले?” आम्ही आमचा उजवा डोळा दाखविला आणि विचारले, “हा दुखतो असे वाटते का, बाई?” त्या थोडा वेळ पाहत राहिल्या. पुढच्या महिन्यात मायलेकी नागपूरला गेल्या. दोन्ही पडद्यांच्या कडेला बंद पडलेल्या वाहिन्या होत्या आणि एका डोळ्यात नव्या वाहिन्या फुटू लागल्या होत्या. लेसरने उपचार झाले. ती आज वाचते आहे. या आजाराच्या मुलांची पडदातपासणी वयाच्या दहाव्या वर्षापासून सुरू करून दर एक-दोन वर्षांनी करावी, असा वैद्यकीय सल्ला आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या रक्ततपासणीचे उद्दिष्ट ठरले. रक्त तपासले जाईल. डोळा तपासला जावा म्हणून मात्र तो दुखण्याची वाट पाहता येणार नाही, हे कोणी तरी त्यांच्या बोलीत सांगावयास हवे.

कोणत्या शब्दांत? आम्ही प्रथम आमच्या व्यवसायाला शोभेलसा शब्द शोधला. ‘दृष्टिपटल-धमनीरोध’ नेमका आहे, आणि तो ऐकून देवरीच्या आठवडी बाजारातला एकही माणूस बैलगाडी जुंपणार नाही. ‘लकवा’ हा आमच्याकडचा समर्थ शब्द. पण त्याने तोंड वाकडे होणे, हातपाय लुळे पडणे डोळ्यांसमोर येते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ मधील निवेदनात हा विकार मेंदूच्या आघाताचाच प्रकार मानावा आणि तितक्याच तातडीने हाताळावा, असे म्हटले आहे. मग लोकांच्या तोंडी तातडीचा शब्द कोणता? तो आहे ‘अटॅक’. चिचगडच्या पलीकडल्या पाड्यातही अटॅक म्हटले की खाटेसकट माणूस उचलतात आणि वाहन शोधतात. शुद्ध मराठीच्या आग्रहापायी आम्ही आजवर उत्तरपत्रिकांतून असे कित्येक शब्द लाल शाईने खोडले आहेत. हा एक आम्ही आपण होऊन वापरतो: डोळ्याचा अटॅक. एकाएकी, न दुखता, एका डोळ्याने दिसेनासे झाले, मग ते पाच मिनिटांत परत दिसू लागले तरीही, तो डोळ्याचा अटॅक समजावा आणि निघावे. शब्दाचे मोल त्याच्या कुळावरून ठरत नाही. तो ऐकून माणूस उठतो की बसून राहतो, यावरून ठरते.

एका डोळ्याने वाचता येते. चहा कपात ओतताना कधी धार बशीत पडते, पायरीची खोली चुकते, गर्दीत उजवीकडून येणारा सायकलवाला उशिरा कळतो; पण पुस्तक तेच राहते. आमचे अध्यापन चालू आहे. दरवर्षी वाक्प्रचारांच्या तासाला झारीतील शुक्राचार्य आला की आम्ही कथा सांगतो, अर्थ सांगतो, आणि मग मुलांना उजवा डोळा तळहाताने झाकून फळ्यावरची ओळ वाचायला लावतो. नंतर डावा झाकून तीच ओळ. मुले हसतात, एकमेकांकडे पाहतात, झाकतात आणि वाचतात. मग घरी गेल्यावर आईला, बापाला, आजीला असेच करावयास सांगा, एवढा गृहपाठ देऊन आम्ही पुढच्या वाक्प्रचाराकडे वळतो.